एक नंबर मोठा

शाळेनं तक्ता दिला होता: एका देशाची ओळख.
राजधानी, पर्वत, नद्या, पिके, सण, पोशाख.
वर्गात जपान वाटून झाला, फ्रान्स, ब्राझील,
चैताली त्या दिवशी तापानं घरी.
बाईंनी वहीत लिहून पाठवलं: तुझा तूच निवड.

म्हणून डिसेंबरात, दिवे लागायच्या वेळी,
आम्ही बर्डीच्या मैदानात
जिथं दर हिवाळ्यात ताडपत्रीखाली
लोकरीचं एक गाव येऊन बसतं
आणि संक्रांत झाली की उठून जातं.

यांगझोमबाईंच्या दुकानात मी स्वेटर उलटा करून पाहिला.
कोष्ट्याची बोटं, ती आधी शिवणीकडेच जातात.
"हे तिकडचं का?"
"लुधियानाचं, भाऊ. तिकडचं काय राह्यलं आता."

चैतालीनं पेन्सिलीला टोक काढलं.
"पर्वत?"
"लय."
"लय म्हणजे किती?" तिला आकडा हवा होता.
"आई सांगे, उठलं का पहिले डोंगर दिसे,
मंग आभाळ."

"नद्या?"
"एक मोठी हाय. खाली उतरली का नाव बदलते.
माह्या आईचं पन तसंच झालं,
रेशनकार्डावर पेमाबाई."

"पिकं?"
"जव. भाजाचे, दळाचे, चहात कालवून खायाचे."
सातूच्या पिठासारखं, मी म्हणालो.
"हो, पन चहा मिठाचा. लोणी टाकून."
चैतालीनं तोंड वाकडं केलं.
"मी पन केलतं," बाई हसल्या,
"मले साखरेचाच लागते."

मग सण आले. नव्या वर्षाला तळलेले कानवले,
दाराशी पाच रंगांच्या पताका, त्यांवर छापलेली प्रार्थना,
वारा ती वाचत जातो, माणसानं नुसती बांधायची.
चैतालीनं पाचही रंग नीट क्रमानं विचारले.
निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा.
एका गिऱ्हाइकाला मफलर देऊन सुट्टे परत करेपर्यंत
ते सगळे वहीत उतरले होते.

"काकू, तुम्ही तिथून कधी आलात?"

"मी? मी गोठणगावची, बाई. तालुका अर्जुनी-मोरगाव.
मी तं पाह्यलाच नाई तो देस."

पेन्सिल थांबली.
शेजारच्या गाळ्यात कुणी कानटोपीचा भाव करत होतं.

नंतर त्या जे बोलल्या त्याला तक्त्यात रकाना नव्हता.
धानाचे बांध. इटियाडोहाचं पाणी. मोह वेचायला पहाटे जाणं.
आणि त्यांच्या बापाचा इथला पहिला मे महिना:
अंगावरचा लोकरी झगा काढायला तयार नाही,
म्हणे, हा काढला तर मी कोण हे कसं कळंल.
तिसऱ्या दिवशी काढला.
घडी करून ट्रंकेत ठेवला, कडुनिंबाचा पाला घालून.
"अजून हाय. कसर लागली थोडी."

परतताना झिरो माइलवरून आलो.
दगडावरची नावं चैतालीनं मोबाइलच्या उजेडात वाचली:
चांदा, बैतूल, रायपूर, शिवनी,
कुठं किती मैल.
खांबाला पूर्ण वळसा घालून आली.
"बाबा, उत्तरेकडं आहे ना तो?
मग इथं का नाही?"
दगड इंग्रजांनी बसवला, मी म्हणालो.
ते उत्तर नव्हतं. ते तिलाही कळलं.

रात्री तिनं तक्ता भरला.
'अंतर' हा रकाना तिनं स्वतः आखला, पट्टी लावून,
आणि कोराच ठेवला.
'माहिती कुणी दिली' पुढं लिहिलं:
यांगझोम काकू, गोठणगाव.
खाली माझं आडनाव लावून तिची सही, पराते.

स्वेटर आम्ही घेतलाच, मरून रंगाचा.
बाह्या बोटांच्याही पुढं लोंबत होत्या.
मी म्हणालो, बरोबर मापाचा दाखवा ना.
बाईंनी तिचे खांदे दोन्ही हातांनी मोजले,
बाह्या दोन घड्या दुमडून दिल्या:
"एक नंबर मोठाच घ्या, भाऊ.
पोरगी वाढते.
आन् आमी येतोच पुढच्या वर्षी."