मंगळवारची बॅच

अंगठ्या काढा, म्हणाल्या केंकरे बाई,
बांगड्या, घड्याळं, चकाकेल ते ते सगळं.
मग लाकडी खोक्यात जमत गेलं आमचं किडुकमिडुक:
एव्हरिस्टचा साखळीतला खुरीस,
सुप्रियाचं कडं,
माझ्या दोन हिरव्या बांगड्या.
उजेड कुठूनही उलटतो, बाई म्हणाल्या,
आणि तुमच्याकडे डोळे दोनच आहेत.
टेबलाच्या उंचीवर मान आणायची नाही.
पेन पडलं तर पडू द्या.

पहिल्या मंगळवारी लेसर लावलाच नाही.
पहिल्या मंगळवारी पुसायचं.

शाबामामांनी कपाट उघडलं,
डांबरगोळ्यांचा जुनाट वास आला.
भिंगांवर पांढरी बुरशी, कोळ्यानं विणावी तशी.
"हांगा भिंगांकूय पावस लागता," मामा म्हणाले
आणि बाटलीतले गुलाबी झालेले दाणे
तव्यावर भाजायला घेऊन गेले.
परत आले तेव्हा दाणे निळे होते.
दोन वर्षं रसायनशास्त्र शिकले मी,
पण हे असं, चणे भाजल्यासारखं,
कुणी दाखवलं नव्हतं.

मधून बाहेर, गोल गोल,
कापसाला जोर न देता.
माझ्या वाट्याला आलेल्या भिंगाच्या कडेला टवका होता.
टवका चालेल, बाई म्हणाल्या, बोटाचा ठसा नाही.

सोडियमचा दिवा दहा मिनिटं घेतो.
आधी गुलाबी, मग कसनुसा,
मग एकदम पिवळा, हट्टी, दुसरं काही न जाणणारा.
सुप्रियाच्या केसांतली अबोली
ओल्या मातीच्या रंगाची झाली.
एव्हरिस्टचा लाल शर्ट काळा.
आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो
आणि हसताना दात पिवळे दिसले म्हणून आणखी हसलो.
रंग वस्तूचा की दिव्याचा,
हा प्रश्न तोंडी परीक्षेला येतो म्हणे.

दुसऱ्या मंगळवारी लेसर.

एवढासा लाल ठिपका भिंतीवर,
स्विचबोर्डाच्या थोडा डावीकडे.
टेबलापासून भिंतीपर्यंत मध्ये काहीच नाही.
रेघ दिसेल असं मला वाटलं होतं.
शाबामामांनी फळ्याचा डस्टर झटकला,
आणि धुळीत क्षणभर
एक तांबडा धागा ताणलेला,
मग पुन्हा नाही.

दोन आरसे, दोन छिद्रं.
पहिल्या आरशानं पहिलं छिद्र साधायचं,
दुसऱ्यानं दुसरं.
ऐकायला सोपं.
दुसरं साधलं की पहिलं सुटतं,
पहिलं आणलं की दुसऱ्याच्या काठावर ठिपका फुटतो.
एव्हरिस्ट म्हणाला, ही जागा भुताची आहे.
स्क्रू पाव फेरा.
पाव नाही, त्याच्याही पाव.
श्वास रोखायचा नाही, पण टेबलाला टेकायचंही नाही.
पंचेचाळीस मिनिटं.

बाबा दिवाडीच्या फेरीबोटीवर सुकाणू धरतात.
लहानपणी केबिनमध्ये उभी राहून मी विचारलं होतं,
रात्री धक्का कसा कळतो?
धक्क्यावर एक दिवा, मागे उंचावर एक.
दोन्ही एकाखाली एक येईपर्यंत फिरव,
आले की तसंच धर.
पाणी ओढतं, मग ते पुन्हा सुटतात,
मग पुन्हा फिरव.
त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं त्यांचं तोंड होतं.

ठिपका दोन्ही छिद्रांतून गेला तेव्हा
टाळी वाजवली नाही कुणी.
बाईंनी वाकून नाही, कागद धरून पाहिलं,
"बरं," म्हणाल्या, "आता पुन्हा बिघडवा
आणि दुसऱ्यानं करा."
वहीत मी लिहिलं: मांडणी पूर्ण.
खोडून लिहिलं: मांडणी, एकदा.

बाणास्तारीच्या पुलावर बस थांबली होती बराच वेळ.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचले तेव्हा काळोख.
फेरीत चढताना लक्षात आलं,
बांगड्या खोक्यातच राहिल्या.
घरी आई मनगटाकडे बघेल आधी.

मागून एक स्कूटर रॅम्पवर वळली,
हेडलाईट पाण्यावर पडला, उसळून वर आला,
तो पोचायच्या आत
मी मान वळवली होती.