फडताळाची झडती

मार्च संपत आला तरी पायरीला बर्फ चिकटलेलंच,
सेंट मेरी उपसागरावरून वारा,
आणि ओडेट थिबोदो फडताळ रिकामं करायला बसलेली.
भाची झेली स्टुलावर उभी, तारखा वाचते मोठ्यानं
कोर्टातल्या कारकुनासारखी.

मैदा: गेल्या जूनचा. पोरकिडे.
यीस्ट: मेलेलं.
अक्रोड खवट. काकवीत साखरेचे खडे.
हेरिंगचा डबा पोट फुगवून बसलेला,
तो दोघींनी हातमोजे घालून बाहेर नेला
बॉम्ब नेतात तसा.

मग मागच्या कोपऱ्यातून ती निघाली,
हिरवट काचेची, खांद्यांवर धूळ.
पत्र्याचं झाकण गंजून गळ्याला धरलेलं,
चिठ्ठीवर अल्सिदचं तिरपं अक्षर:
सफरचंद. ऑक्टोबर एक्याण्णव.
"मावशी, ही माझ्या जन्माआधीची!
फेकू?"

त्या वर्षी मासळीचा कारखाना बंद पडला.
अल्सिदनं झाडाखालची पडकी फळं गोळा केली,
पिळली, पिंपात भरली, गावभर सांगत सुटला
की नाताळला माझी सायडर प्या.
पिंपाचं बूच नीट बसलं नव्हतं.
नाताळला पहिल्या घोटालाच
सगळ्यांची तोंडं वाकडी.
लोक हसले. तो हसला नाही.
तळघरात जाऊन बराच वेळ बसला.
पुढे कधीतरी ते गाळलं, भरलं, चिठ्ठी लावली,
आणि मरेपर्यंत त्याचं नाव काढलं नाही.

यातलं काहीच ओडेट सांगत नाही.
"पक्कड आण," म्हणते.

झाकण तुटतं, ओट्यावर गंजाची भुकटी.
आत गढूळ, तळाशी साका,
वर तरंगतेय जाड, बुळबुळीत साय.
"ईऽ! हे काय?"
"आई म्हणतात तिला."
"कुणाची?"
"शिरक्याची. धर ते फडकं, नीट धर."

गाळून झाल्यावर ती बोट बुडवते, जिभेवर ठेवते.
डोळे गच्च, खांदे कानांपर्यंत.
तोच. तस्साच.
कडा थोड्या मुरल्यात, एवढंच.
"बिघडलंय का गं?"
"ते तेव्हाच बिघडलं. आता काय बिघडायचंय त्याचं!"

दुपारी उकडलेल्या बटाट्यांवर दोघी तो शिंपडतात,
झेली दुसऱ्यांदा वाढून घेते.
नवी बाटली धुतलेली, या वेळी बूच,
अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिलेलं.
"तारीख आजची घालू?"
ओडेट पेन काढून घेते
आणि जुनीच चिठ्ठी उतरवायला लागते.
अक्षर तसं तिरपं यायला
तीन कागद वाया जातात.