दोन पाण्यांच्या मधे

मंगळवारी पहाटे नळ गेला
आणि महादेवी हत्तुरेशी माझी पैज लागली :
शनिवारी रात्री पाणी येईपर्यंत
ही भाषा शिकायची, पूर्ण.
तोवर आपसात दुसरं बोलायचं नाही.
हरेल तिनं दुसरीचा बॅरल भरायचा.

कुणीतरी मुद्दाम बसून बनवलेली भाषा.
शब्द एकशे तेवीस.
आमच्या बोळात शिव्याच याहून जास्त निघतील,
तेलुगू धरून.
वहीच्या चार पानांत सगळी मावली.
पाचवं पान कोरं राहिलं,
त्याचीच मला जरा भीती वाटली.

पहिल्या दिवशी वस्तू संपल्या.
पाणी, चहा, रॉकेल, घाम : लिमू.
"लिमू," मी म्हणाले, घसा कोरडा.
सुपातून मान वर न काढता अम्मा म्हणाली,
"लिंबू कशाला? दहाला दोन झालेत."

दुसऱ्या दिवशी बेचाळीस डिग्री.
पत्र्याखाली बसून आम्ही चादर शोधत होतो.
चादरीला शब्द नव्हता.
महादेवी म्हणाली : मोठं कापड, रात्र.
मी म्हणाले : मऊ, घर, अंगावर.
भिंतीपलीकडे माग खडखडत होते.
व्यंकटीमामा तिथं पंचवीस वर्षं
जकार्डचे पत्ते पाडतो :
भोक, किंवा भोक नाही.
एवढ्यावर त्यानं मोर काढलेत, कमळं,
एका लॉजचं नाव, फोन नंबरासकट,
आणि एकदा डुलकी लागली तेव्हा
तीन पायांचा हत्ती. तोही खपला.
आमची वही चाळून मामा म्हणाला,
"एकशे तेवीस? चैन आहे की तुमची."

तिसऱ्या दिवशी आकडे.
एक, दोन, पुष्कळ. झाले आकडे.
मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी अम्माबरोबर विड्या द्यायला गेले.
हजार होत्या, मी स्वतः मोजलेल्या.
चेकरनं मुठीमुठीनं छाट बाजूला ढकलली.
किती गेल्या? अम्मानं विचारलं.
"गेल्या की पुष्कळ," म्हणाला,
आणि वहीत नऊशे मांडले.
म्हणजे त्याला ही भाषा
आमच्या आधीपासून येत होती.

चौथ्या दिवशी स्वप्नात कुणीतरी
तिच्यात भांडत होतं. मला सगळं कळत होतं.
जागी झाले तर नुसता पंखा, बंद.

शनिवारी दुपारी
महादेवी भाकरीला शेंगाचटणी लावत होती.
तोंडात घास असतानाच म्हणाली,
मी, जाणे, घर, दुसरं.
मला वाटलं, खोली बदलतायत. भाडं वाढलं असेल.
मी विचारलं : घर मोठं?
म्हणाली : माणूस. घर, माणूस.
मग बोटानं दक्षिण दाखवली, इंडीकडची.

त्या भाषेत काळ नाहीत.
गेली, जाते, जाईल, सगळं एकच.
महिनाभर तिला कन्नडमध्ये जमलं नव्हतं,
मराठीत तर नाहीच, मराठीत मी लगेच
कोण, कुठला, काय करतो, तुला विचारलं का
असं सगळं काढलं असतं.
चार शब्दांत तिला लपायला जागा नव्हती
आणि मला घुसायला.

तरी तोंडातून निघालंच :
"कधी बे?"

ती हसली. बोट दाखवलं माझ्याकडे.
हरलीस.

रात्री पावणेतीनला पाइप खोकला.
बोळभर दिवे लागले, मोटारी, बादल्या,
अम्मा ओरडली, नीळ्ळु वच्चिनय,
हत्तुऱ्यांकडून, नीर बंतु,
कोपऱ्यावरून इरफानचे अब्बा, पानी आया.
मी पाइप घेऊन महादेवीच्या दारात उभी.
ती बॅरलच्या काठाला टेकून,
ओढणी खांद्यावरून खाली आलेली.
दोघी कुठल्याच भाषेत नव्हतो.

दोनशे लिटर भरायला
प्रेशर असेल तर वीस मिनिटं लागतात.
त्या रात्री प्रेशर नव्हतं.