आत्ता आणि आज

दवा बाजारचा तिसरा मजला,
जिन्यात पुठ्ठ्याचा आणि कफ सिरपचा वास.
तिथं बसून मी शोध दुरुस्त करतो.
सहा कोटी नोंदी, बारा तुकडे, पाच यंत्रं,
त्यातली दोन हैदराबादेत.
विचारणारा एकदाच विचारतो:
इन्सुलिन, फ्रिजमधलं, शिल्लक असलेलं,
मुदत न संपलेलं, उज्जैनच्या अलीकडे.
बारा जण बारा ठिकाणी धुंडाळतात
आणि उत्तर अडून राहतं
त्यांच्यातल्या सगळ्यांत संथ माणसापाशी.

साडेचार सेकंद.
खाली काउंटरवर तेवढ्यात
गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पोचलेलं असतं.
लुणावत सेठ जिन्यातूनच ओरडतात,
"क्या भिया, सो गया तुमारा कंप्यूटर?"

पहिली चूक सोपी होती, आणि माझीच.
मी गाळणीलाही गुण द्यायला लावले होते.
शिल्लक आहे का, याचं उत्तर हो किंवा नाही;
किती छान शिल्लक आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.
तरी तो बिचारा डबीडबीला मार्क देत बसलेला,
हजेरी घेताना पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखा.
ते काढलं. तीन सेकंद.

मग अडकलो.
एकदा गाळलेलं लक्षात ठेव, असं बजावलं होतं यंत्राला:
शून्य-एकची लांब पट्टी, डबीमागे एक खूण,
तोच प्रश्न आला की नुसती वाचून दाखव.
नोंदी उघडल्या. आठवण कामी आली: शून्य वेळा.
दिवसाला नव्वद हजार प्रश्न,
शून्य वेळा.

सकाळी चहाला खाली उतरलो.
शटरशी उकिडवा बसून गेंदालाल
गोळ्यांच्या पट्ट्या निवडत होता,
मुदत गेलेल्या निळ्या क्रेटमध्ये.
रोज करता हे?
"रोज एक बार, साब.
फिर दिनभर तारीख कौन देखे."

चहा तसाच ठेवून वर आलो.
वाचली माझीच ओळ:
मुदत, आत्ताच्या पुढे.

आत्ता!
एका सेकंदात हजार आत्ता, एकासारखा दुसरा नाही.
प्रत्येक प्रश्न त्याला परका,
आणि पुन्हा सगळं कपाट खाली काढणं.
मी त्याला विसराळू म्हणत होतो
आणि दर खेपेला मीच त्याला
नवं नाव सांगून दार वाजवत होतो.

औषध काही मिलिसेकंदात मरत नाही.
महिनाअखेरीला मरतं,
तेही आधी छापून.

आत्ता खोडलं.
आज लिहिलं.

एकशे चाळीस मिलिसेकंद.
सेठ दिवसभर ओरडले नाहीत;
आमच्याकडे शाबासकी म्हणतात ती हीच.
नववा तुकडा तेवढा अजून रेंगाळतो,
हैदराबादवाला,
त्याच्यासाठी दिवे लागले तरी बसून होतो.

ऋजुताचा फोन आला: कधी निघतोयस?
ओठांवर आलं होतं, आत्ता.
म्हणालो,
आज.