खतावणीचा कंदील

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून
पोरं थेट दुकानात घुसली,
दप्तरंसुद्धा घरी न ठेवता.
गंगावेशीत बाइंडिंगचं दुकान म्हणजे आता
शटर अर्धं वर, अर्धं खाली.
वह्या कोण बांधून घेतंय? हिशेब मोबाइलात गेले.
तरी दिवाळीच्या तोंडावर
खळ मात्र मी शिजवतेच.
पूर्वी तीत मोरचूद पडायचं, झुरळं लागू नयेत म्हणून.
आज नाही घातलं.
ही पोरं बोटं चाटतात.

श्रेणिकनं बुरूड गल्लीतून कामट्या आणल्या.
उरलेल्या पैशांचे फुटाणे झाले,
हे त्याच्या खिशानंच सांगितलं.
तबस्सुम म्हणाली, "आत्ती, गाठी मी मारतो,
माझी गाठ सुटत नाही."
खरंच सुटत नाही. बाप गाद्या शिवतो तिचा.
धाकटी प्रणोती काहीच करत नव्हती.
ती फक्त कात्री मागत होती
आणि तिला कात्री कुणी देत नव्हतं.

सांगाडा उभा राहिल्यावर कळलं,
पतंगी कागद आणायचा सगळेच विसरलो.
महाद्वारात तर पाय ठेवायला जागा नाही.
मग मी माळ्यावरचा गठ्ठा काढला,
पुराच्या सालचा.

तेव्हा पाणी तिसऱ्या फळीपर्यंत आलं
आणि आठ दिवस उठलं नाही.
उभे लावलेले ताव, कमरेपर्यंत भिजले.
गच्चीवर दोऱ्या ताणून एकेक वाळत घातला,
लुगड्यांसारखा.
रद्दीवाल्यानं उचलला, हुंगला,
आणि परत माझ्याच हातात दिला.
खतावणीचे ताव ते.
लाल रेघा, निळ्या रेघा,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
आणि कुणीच न आखलेली
चहाच्या रंगाची एक आडवी रेघ,
एखाद्या तावावर जरा वर, एखाद्यावर जरा खाली.

"ही कुणी मारली?" प्रणोतीनं विचारलं.
नदीनं.
"पट्टी न घेता?"
पट्टी न घेता.
तिनं रेघेवरून बोट फिरवलं.
"बरी आलीय की."

श्रेणिकला जमा कळलं. जमा म्हणजे आलं ते.
नावे म्हणजे?
मी सांगत बसले, देणं, बाकी,
मागच्या पानावरून पुढे ओढलेली रक्कम.
बघते तर हा 'नावे'खाली
स्वतःचं नाव लिहितोय,
मग तबस्सुमचं, मग प्रणोतीचं,
मग गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याचं.
चाळीस वर्षं मी तो रकाना आखला.
इतका सोपा कधी वाटला नव्हता.

सहा बाजू चिकटवून झाल्या
आणि प्रणोती रडायला लागली.
रेघ जुळत नव्हती.
एका बाजूला पाणी गळ्याशी, पुढच्या बाजूला घोट्याशी.
"पाणी असं तुटत नसतंय," ती म्हणाली.
तिच्या जन्माआधीचा तो पूर.
कुणी सांगितलं असेल तिला?
की वाटीतलं पाणी बघूनच कळतं हे?
मी कात्री तिच्या हातात दिली.

ओली खळ होती, कागद सुटले.
तिनं एकेक बाजू वर सरकवली, खाली सरकवली,
जिभेचं टोक बाहेर काढून,
आणि रेघ फिरवली सहाही बाजूंनी,
सुरू झाली तिथंच आणून मिळवली.
खालची कड मात्र दातऱ्या करवतीसारखी झाली.
झिरमिळ्या कुठं लांब, कुठं आखूड.
कामटी एका अंगाला कलली.

शटरच्या हुकाला टांगला, आत बल्ब सोडला.
रस्त्यावर 'जमा' उलटं पडलं,
कुत्र्याचं नाव समोरच्या पायरीवर.
समोरचे भांडीवाले चौगुले
मान तिरकी करून म्हणाले,
"वाकडा झालाय की ओ तुमचा कंदील."

"कंदील वाकडा आहे," प्रणोती म्हणाली.
"पाणी सरळ आहे."

चौगुल्यांनी मान सरळ केली,
रेघेकडं बघितलं, मग त्यांच्या दुकानातल्या खांबाकडं,
जिथं ते अजून दरवर्षी रंग द्यायचं टाळतात.
काही बोलले नाहीत.

आत तबस्सुम पातेल्याच्या बुडाची खळ
बोटानं निपटून खात होती.
"आत्ती," ती म्हणाली, "साखर पाहिजे होती."