दरपत्रक

नोंदणीचा कागद मंगळवारी आला,
सगळा कानडीत, खाली जांभळा गोल शिक्का.
कस्तूरी मारुती बिर्जे, वडगाव, बेळगाव.
मुलं : आठपर्यंत. खोली : एक. खिडक्या : दोन.
मासिक शुल्क : आणि पुढं नुसती टिंबं.
"ते तुमचं तुम्ही भरायचं," टेबलामागची बाई म्हणाली
आणि तिनं पुढच्याला हाक मारली.

पाटी घेतली. पंधराशे लिहिलं.
भिंतीपलीकडं शेवंताचा माग चालू होता,
खट्‌खट्‌ खट्‌खट्‌.
एका साडीमागं तिच्या हातात काय पडतं
ते तिनंच सांगितलंय मला, पाणी भरताना.
ओल्या बोटानं पुसलं.

मारुती उद्यमबागेत लेथवर असतो.
तो म्हणाला, सोपं आहे, आधी मशीनचा तासाचा दर काढ.
दूध, नाचणीची आंबील, गूळ, सिलिंडर,
फिनेल, उन्हाळ्यातला टँकर,
दुपारचा पंखा,
भागिले आठ.
काढला.
पण डब्याच्या सुट्टीत मशीन बंद करता येतं, म्हटलं,
आणि मशीनला ताप आला
तर ते गळ्यात हात टाकून झोपत नाही.
तो हसला नाही. पेन्सिल खाली ठेवली
आणि सांगितलं, मग तो खर्च वेगळा लिही.
कुठल्या रकान्यात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली.
"पैसे घेणार? अगे, तू घरातच असतीस न्हवं?"
हे म्हणणाऱ्या काकूंची नात
गेली दोन वर्षं दुपारची माझ्याकडंच झोपते.

मलाही कुणीतरी सांभाळलं होतंच.
आई शनिवारी बाजारात भाजी घेऊन बसायची,
मी गंगव्वाच्या ओसरीवर.
संध्याकाळी येताना आई तिला द्यायची
जे विकलं गेलं नाही ते :
कधी सुकलेली मेथी, कधी दोन दोडके,
बाजार चांगला झाला त्या दिवशी काहीच नाही.
ओंदु, एरडु, मूरु मी तिच्याकडनंच शिकले.
अजून तांदूळ मापताना, नोटा मोजताना
तोंडात तेच आकडे येतात,
आणि आता ह्या पाटीपुढंसुद्धा.
ओंदु साविर. ओंदु साविर इन्नूरु.

बाराशे.

इब्राहीम पेंटर बोर्डाचं माप घ्यायला आला.
वर कानडी, खाली मराठी, ते ठरलेलंच.
"आकडे कुठले घालू?"
इंग्रजी घाल म्हटलं,
आकड्यांवरनं अजून कुणी मोर्चा काढला नाही.
"अक्षराला आठ रुपये," तो म्हणाला,
आणि म्हणताना त्याची पापणीसुद्धा हलली नाही.
मी त्याच्याकडं बघतच राहिले.

रविवारी लाईट गेली, माग थांबले,
तेव्हा शेवंता आली, कडेवर पोरगा.
"किती गे?"
घसा खाकरून सांगितलं.
पोरानं तेवढ्यात माझ्या बटणांच्या डब्यात हात घातला होता.
ती त्याची मूठ उघडत राहिली, एकेक बोट,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"साडी उतरली की देतो."
"चालेल," म्हटलं. पण आकडा खाली आणला नाही.
तिनं मान हलवली, माझ्यासारखीच,
मजुरी ठरवताना सावकारापुढं ती हलवत असेल तशी.
दारात वळली.
"पावणेनऊला सोडतो. चालतंय न्हवं?"

आता एकच ओळ राहिलीय :
नेण्यास उशीर झाल्यास...
त्यापुढं शंभर लिहिलं, मग पन्नास, मग काहीच नाही.
बाजार उशिरा उठायचा त्या रात्री
गंगव्वा जास्तीचं काय घेत होती, आठवत नाही.
तिच्या चुलीपुढं मला झोप लागायची एवढं आठवतं,
आणि जाग यायची ती आईच्या खांद्यावर.

पेंटर शिडीवर उभा आहे, ब्रश ओला.
"ताई, शेवटची ओळ घालू की नको?
घातली तर अक्षरं वाढतात."