एक अक्षर गळालं

माझ्या दुकानात आरसे दोन, खुर्ची एक
आणि वाद बारमाही.
फ्राय बेंतोसमध्ये मांसाचा कारखाना आता नाही,
ओल्मेदोचं वर्तमानपत्रही नाही,
म्हणून बातम्या माझ्याकडेच येतात,
दाढी वाढवून.

गळ्यावर वस्तरा टेकलेला असतो
तरी माणूस मत बदलत नाही,
हे मी एकतीस वर्षं पाहतो आहे.

त्या हिवाळ्यात नदीवरचा पूल बंद होता.
येर्बाचा कडू चहा,
एक तुंबा, एक नळी, सगळ्यांची तोंडं,
ती नळी मी धुऊन खणात ठेवली
आणि जो तो आपापला तुंबा घेऊन येऊ लागला
काखेत,
दुसऱ्याच्या पोराला आणल्यासारखा.

विल्सन म्हणाला, लस घेतल्यावर
मेव्हण्याचा हात दुखतो आहे.
मंगळवारी तो हात सुजला.
गुरुवारी उचलेना.
शनिवारी, पोस्टाच्या रांगेत,
मेव्हण्याला हातच उरला नव्हता.
रविवारी मेव्हणा स्वतः आला,
दोन्ही हातांनी टोपी काढून म्हणाला,
बाजूने जरा कमी कर.
कोणीही ओशाळलं नाही.
पराचा कावळा एकदा उडाला
की पिसं मोजायला कोण बसतं?

निदिया सरकारी दवाखान्यात नर्स आहे.
ती म्हणाली, ताप येतो.
मलाही आला, एकोणचाळीस,
रात्रभर दात वाजत होते.
थोड्यांना त्याहून जास्त होतं,
फार थोड्यांना, पण होतं.
मी फॉर्म भरते: तारीख, वेळ, कुठला हात, किती दिवस.
खाली एक चौकट आहे, 'कदाचित' लिहायला.

माझ्या दुकानात तशी चौकट नाही.

इरिनेओ खिडकीशी बसतो.
दुसऱ्या डोसनंतर तीन आठवडे
त्याचं काळीज मधेच एक ठोका गाळायचं.
डॉक्टर म्हणाले, लशीमुळे असेल, नसेलही.
त्याचं नाव घेऊन भांडणारे
त्याला काही विचारत नाहीत,
ना इकडचे, ना तिकडचे.

एकदा कोणीतरी विचारलं,
हा विषाणू रूप तरी का बदलतो सारखा?
ओल्मेदो सहसा बोलत नाही. बोटांत अजून शिशाचा काळपटपणा.
म्हणाला, त्याच्या मनात काही नसतं.
तो नक्कल करतो, बस.
रात्रपाळीतल्या जुळाऱ्यासारखा, घाईघाईत,
लाखो प्रती,
कुठेतरी 'ध'चा 'मा' होतोच.
बहुतेक चुका रद्दीत जातात.
एखादीच अशी निघते की वाचणारा थांबतो
आणि तीच पुढे छापली जाते.

मग त्याने गोष्ट सांगितली.
सत्त्याहत्तर साली, निधनवार्तेचं पान.
'मागे त्यांची विधवा, दोन्या एर्सिलिया,'
असं जुळवायचं होतं.
आमच्या भाषेत विधवेला विउदा म्हणतात.
मधला उकार बोटांतून निसटला, राहिलं विदा,
म्हणजे आयुष्य.
'मागे त्यांचं आयुष्य, दोन्या एर्सिलिया.'
पानाच्या कोपऱ्यात, काळ्या चौकटीत.

सकाळी ती छापखान्यात आली.
मालक उठून उभा राहिला, माफी पुटपुटू लागला.
ती म्हणाली, उद्या दुरुस्ती छापू नका.
आणखी चार अंक द्या.

दुकान क्षणभर गप्प.
केसांच्या ढिगावर पंख्याचा वारा.
मग विल्सन: म्हणजे विषाणूही चांगलाच म्हणायचा?
असं मी कुठे म्हणालो, ओल्मेदो म्हणाला,
आणि टोपी घालून निघून गेला.

गुरुवारपर्यंत गावभर झालं होतं
की ओल्मेदो विषाणूच्या बाजूचा आहे.
शुक्रवारी, की त्याने लस घेतलीच नाही.
त्याचे दोन्ही डोस झाले होते,
मीच रांगेत त्याच्या मागे होतो.
मी हे सांगितलंही.
कोणी म्हणालं, तुला तर तसंच वाटणार.

संध्याकाळी इरिनेओ खुर्चीत बसला.
मी फेस लावला, मान मागे टेकवली,
वस्तरा हनुवटीखाली नेला.
तिथे शीर उडत होती,
नेहमीसारखी,
की नेहमीपेक्षा जरा वेगळी,
मला सांगता येईना.
मी हात थांबवला
आणि पुढचा ठोका येईपर्यंत
तसाच उभा राहिलो.